सापडलं नाही, पण किती ठिकाणी शोधलं?

तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत. सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आत. वर्षाने ०.१ टक्क्याच्या आत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ओपीडीत सगळे ज्याला नुसतं सीएमएल म्हणतात, त्या रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिबची गोळी सुरू झाली की पुढच्या वर्षाचं वेळापत्रक या तीन आकड्यांत मावतं. युरोपियन ल्युकेमिया नेटच्या २०२० च्या शिफारशींत ते असंच दिलेलं आहे. सहाव्या महिन्यालाही आकडा १० च्या वर राहिला किंवा बाराव्या महिन्याला १ च्या वर, तर गोळी काम करत नाही असं धरायचं आणि औषध बदलायचं. मधल्या पट्ट्यात असेल तर सावध राहून पुढच्या रिपोर्टची वाट बघायची.

यातला १० आकडा सोयीसाठी गोल केल्यासारखा दिसतो, पण त्याच्यामागे मोजमाप आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या २८२ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या महिन्याच्या रिपोर्टवर नेमकी कुठे रेघ मारली तर पुढे तगणारे आणि न तगणारे सर्वांत स्पष्ट वेगळे पडतात, हे संशोधकांनी तपासलं. रेघ आली ९.८४ टक्क्यांवर. तिच्या खाली असलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९३.३ टक्के हयात असल्याचं गणित निघालं, वर असलेल्यांपैकी ५६.९ टक्के. ०.१ च्या रेघेचा आधार त्याहून जुना. इमॅटिनिबची पहिली मोठी चाचणी ‘आयरिस’, ११०६ रुग्णांची. त्यात ज्यांच्या मज्जेत फिलाडेल्फिया गुणसूत्र दिसेनासं झालं आणि अठरा महिन्यांत आकडाही हजारपटीने खाली आला, त्यांच्यापैकी साठाव्या महिन्यापर्यंत एकाचाही आजार पुढच्या टप्प्यात सरकला नव्हता. ‘मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स’ हे भारदस्त नाव या ०.१ टक्क्याचंच.

पण हे टक्के कशाचे? इथेच बहुतेक घरांत गैरसमज असतो. १०० टक्के म्हणजे आपल्या पहिल्या रिपोर्टमधला आजार, असं धरून लोक पुढचा हिशोब करतात. ते तसं नाही.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक खुरटलेलं गुणसूत्र दिसलं. तेच फिलाडेल्फिया गुणसूत्र. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. त्या जोडातून बीसीआर-एबल हे एक नवंच जनुक तयार होतं आणि ते पेशीला सतत ‘वाढ’ म्हणून सांगत राहतं. निरोगी पेशीत हा जोड नसतो, म्हणून मोजायला तो उत्तम. पीसीआर या चाचणीत या जोडजनुकाच्या आरएनए-प्रती मोजतात. रक्त कमीजास्त घेतलं गेलं किंवा वाटेत खराब झालं तर फसगत होऊ नये म्हणून त्याच नमुन्यात साध्या एबल जनुकाच्या प्रतीही मोजतात. हे जनुक प्रत्येक पेशीत असतं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. रिपोर्टवरची टक्केवारी म्हणजे हा भागाकार.

पुढची गंमत अशी, की दोन प्रयोगशाळांचा भागाकार जुळत नाही. रसायनं वेगळी, यंत्रं वेगळी, हात वेगळे. म्हणून आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आली. रिपोर्टवर ती ‘आयएस’ या दोन अक्षरांनी दिसते. त्या पट्टीवरचे १०० टक्के म्हणजे आयरिस चाचणीतल्या ३० रुग्णांची, औषध सुरू होण्यापूर्वीची सरासरी. ॲडलेड, लंडन आणि सिएटल इथल्या तीन प्रयोगशाळांनी ती मोजली होती. सटाण्याच्या किंवा निफाडच्या रुग्णाचा आजचा आकडा त्या तीस अनोळखी माणसांच्या तुलनेत असतो, स्वतःच्या पहिल्या आकड्याच्या तुलनेत नव्हे. प्रत्येक प्रयोगशाळेला आपला भागाकार या पट्टीवर आणायला एका ठरावीक गुणकाने गुणावं लागतं. समजा प्रयोगशाळेत ०.०८ आलं आणि गुणक १.६ असेल, तर पट्टीवर तो ०.१२८ होतो, म्हणजे रेघेच्या अलीकडून पलीकडे. म्हणून ‘आयएस’ न लिहिलेला रिपोर्ट दुसऱ्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टशेजारी ठेवून चढउतार काढू नये. शक्यतो प्रयोगशाळाच बदलू नये.

आता लाख-कोटींचा हिशोब. निदान होतं तेव्हा शरीरात या आजाराच्या पेशी ढोबळमानाने एक लाख कोटी असतात. ०.१ टक्क्यावर पोहोचलेल्या माणसाच्या अंगात, म्हणजे डॉक्टर ज्याचं अभिनंदन करतात त्याच्या अंगात, अजून १०० कोटी पेशी असतात. ०.०१ टक्क्यावर १० कोटी. ०.००३२ टक्क्यावर सुमारे ३ कोटी. बीजगणितातला लॉग वापरून या पायऱ्यांना एमआर-३, एमआर-४, एमआर-४.५ म्हणतात. हा साडेचार ऐकायला विचित्र वाटतो, पण दहाचा साडेचारावा घात ३१,६२३ आणि त्याचा व्यस्त ०.००३२ टक्के, एवढंच त्यात आहे. साध्या सीबीसीमध्ये यातलं काहीही दिसत नाही. पांढऱ्या पेशी ६,००० आल्या, हिमोग्लोबिन १३ आलं, म्हणून ‘ब्लड नॉर्मल आहे’ असं सांगत पुढची पीसीआर टाळणारे रुग्ण आहेत, आणि त्यांना तसं वाटावं इतकं त्यांचं सीबीसी चांगलं असतंही.

आणि मग एक दिवस रिपोर्टवर येतं, ‘नॉट डिटेक्टेड’. सापडलं नाही.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला या दोन शब्दांचा अर्थ शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी युरोपातून द्राक्षं परत आली, तेव्हापासून इथे घराघरांत रेसिड्यूचे रिपोर्ट वाचले जातात. ‘मोजणीच्या मर्यादेखाली’ म्हणजे औषध मण्यात अजिबात नाही असं नव्हे, आमच्या यंत्राला दिसेल एवढं नाही, हे तिथे मुद्दाम समजवावं लागत नाही. रक्ताच्या रिपोर्टचंही तेच आहे. फरक इतकाच, की इथे ती मर्यादा प्रत्येक नमुन्यागणिक बदलते.

ती बदलते एबलच्या प्रतींनुसार. नमुन्यात एबलच्या किमान १०,००० प्रती मिळाल्या आणि बीसीआर-एबल सापडलं नाही, तर ‘०.०१ च्या खाली’ म्हणता येतं. ३२,००० मिळाल्या तर ‘०.००३२ च्या खाली’. एक लाख मिळाल्या तर ‘०.००१ च्या खाली’. आणि समजा ३,००० च मिळाल्या? मग तीन हजारांत शोधून सापडलं नाही, एवढंच खरं. दहा हजारांत एक लपलेला असेल तर तो दिसण्याची शक्यताच कमी. उरलेला आजार मोजायला असा नमुना अपुरा धरतात आणि पुन्हा रक्त मागवायला हवं. तरीही कागदावर ‘नॉट डिटेक्टेड’ छापलं गेलं, तर घरी पेढे वाटले जातात. वाईट नमुना चांगल्या बातमीसारखा दिसतो, हा या चाचणीचा सर्वांत धोकादायक गुण आहे. म्हणून रिपोर्टमधल्या मोठ्या अक्षरांपेक्षा खालची ‘एबल कॉपीज’ ही ओळ आधी बघावी, असं माझं मत आहे. ती ओळच नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारावी. हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

नाशिकमध्ये या ओळीला जास्त महत्त्व आहे, कारण इथून नमुना प्रवास करतो. आरएनए नाजूक असतो. रक्त काढल्यापासून एक-दोन दिवसांत त्यावर प्रक्रिया झाली नाही तर तो तुटत जातो आणि प्रतींची संख्या घसरते. सुरगाण्यात किंवा मालेगावात शनिवारी दुपारी रक्त काढलं, नळी संध्याकाळी नाशिकच्या कलेक्शन सेंटरला आली, रविवारी पडून राहिली आणि सोमवारी कुरिअरने महानगरातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे निघाली, तर शोध लागायच्या आधीच अर्धा पुरावा गेलेला असतो. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या माणसाचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, पण त्याचं रक्त तिथल्या तिथे ताजं दिलं जातं. माणसाने १७० किलोमीटर जावं की नळीने, याचं उत्तर पैशाच्या बाजूने एक येतं आणि मोजमापाच्या बाजूने दुसरं. मधला मार्ग साधा आहे. रक्त सोमवार ते बुधवारदरम्यान, सकाळी द्यावं आणि नळी त्याच दिवशी निघते का ते विचारून घ्यावं.

दोन रिपोर्टांमधल्या फरकाकडे किती लक्ष द्यायचं? ०.०१८ चं ०.०३१ झालं म्हणून रात्रीची झोप जाणारे नातेवाईक असतात. चांगल्या प्रयोगशाळेतही एकाच नमुन्याचे दोन निकाल दुपटीच्या आतबाहेर हलू शकतात. जितका आकडा लहान तितका हा हेलकावा मोठा. दुपटीच्या आतल्या चढावर निष्कर्ष काढू नये, पुन्हा मोजावं. ०.०५ वरून ०.५ झालं तर मात्र पुढच्या तीन महिन्यांची वाट न बघता लगेच बोलावं. त्या वेळी डॉक्टर दोन गोष्टी बघतात: गोळी रोज घेतली जाते का, आणि जनुकात नवा बदल झालाय का. ‘टी३१५आय’ नावाचा बदल झाला असेल तर इमॅटिनिबच नाही, डासाटिनिब आणि निलोटिनिबही निकामी ठरतात.

पहिली गोष्ट जास्त वेळा सापडते. हॅमरस्मिथच्याच आणखी एका अभ्यासात, २०१० च्या, ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत छोटी इलेक्ट्रॉनिक नोंदणी बसवली होती. बाटली केव्हा उघडली ते तीन महिने नोंदलं गेलं. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांचा आकडा सहा वर्षांत ०.१ च्या रेघेखाली येण्याचं प्रमाण ९४.५ टक्के. ९० किंवा कमी घेणाऱ्यांत २८.४. महिन्याच्या ३० गोळ्यांचे ९० टक्के म्हणजे २७. तीन गोळ्या चुकल्या, एवढाच फरक. इमॅटिनिब भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते, नाहीतर मळमळतं. आता महिन्यातले दोन एकादशीचे उपवास आणि एक लग्न मोजा.

नाशिक जिल्ह्यात असे रुग्ण किती असतील? थेट आकडा मिळत नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शीच्या लोकसंख्याधारित नोंदी आहेत, नाशिकची नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावाने १९८७ पासून ग्रामीण नोंदणी चालवली आणि साठ लाखांचा जिल्हा त्या यादीत नसावा, हे मला खटकतं. मग अंदाजच करावा लागतो. भारतातल्या नोंदणी केंद्रांवरून सीएमएलचं वार्षिक प्रमाण लाख पुरुषांमागे ०.८ ते २.२ आणि लाख स्त्रियांमागे ०.६ ते १.६ असं सांगितलं जातं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख, त्यात पुरुष साडेएकतीस लाखांच्या आसपास, स्त्रिया साडेएकोणतीस. गुणाकार केला की वर्षाला साधारण ४५ ते ११५ नवे रुग्ण येतात. आकडा लहान वाटेल. पण हा आजार आता माणसाला लवकर नेत नाही. आयरिसमध्ये इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी दहा वर्षांनी ८३.३ टक्के हयात होते. म्हणजे दरवर्षीचे नवे रुग्ण आधीच्यांत मिळत जातात आणि दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्यात काही शे माणसं दर तीन-सहा महिन्यांनी एका आकड्याची वाट बघत असतात. शिवाय पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळचं मधलं वय साठीच्या आसपास, तर आपल्याकडच्या रुग्णालयांच्या नोंदींत पस्तीस ते चाळीस. मोजायची वर्षं आपल्याकडे जास्त आहेत.

गोळीचा प्रश्न त्यामानाने सुटला. ग्लिव्हेक या नावाने विकल्या जाणाऱ्या इमॅटिनिबच्या पेटंटचा खटला सुरू होता तेव्हा नोव्हार्टिस या मूळ कंपनीच्या महिन्याच्या गोळ्या सुमारे १ लाख २० हजारांना आणि नॅटकोसारख्या भारतीय कंपन्यांच्या ८ ते १० हजारांना, असे आकडे सांगितले जात. कंपनीच्या मदत कार्यक्रमातून हजारोंना ती फुकटही मिळत होती, हेही नोंदवायला हवं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. मोजणीसाठी मात्र असा खटला कुणी लढवला नाही. सरकारी योजनेचं कार्ड घेऊन जाताना ‘गोळी बसते का’ याबरोबर ‘पीसीआर बसते का’ हा वेगळा प्रश्न विचारावा. पहिल्याचं हो म्हणजे दुसऱ्याचंही हो असं गृहीत धरू नये.

मोजणी खरी महागात पडते ती गोळी थांबवायची वेळ आली की. फ्रान्समधल्या ‘स्टिम’ चाचणीत दोन वर्षं काहीच न सापडलेल्या १०० रुग्णांची गोळी थांबवली. २०१० च्या पहिल्या अहवालानुसार वर्षभराने ४१ टक्क्यांचा आजार परतला नव्हता. ज्यांचा परतला, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांचा पहिल्या सहा महिन्यांतच. नंतर युरोपातल्या ७५५ जणांच्या ‘युरो-स्की’मध्ये दोन वर्षांनी निम्मे गोळीविना होते. थोडक्यात, यंत्राला काहीही किंवा जवळजवळ काहीही न दिसणाऱ्यांतही निम्म्यांच्या अंगात परत उठणारा आजार होता, आणि उरलेल्या निम्म्यांच्या अंगातही कदाचित आजार होता पण उठला नाही. कुणाचा उठेल हे आधी सांगणारा आकडा ही चाचणी देत नाही.

म्हणून थांबवण्याच्या अटी कडक आहेत: किमान पाच वर्षं इमॅटिनिब, ०.०१ च्या खाली दोन वर्षांहून जास्त काळ, आणि आयएस पट्टीवर झटपट निकाल देणारी प्रयोगशाळा हाताशी. थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला चाचणी, पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी. म्हणजे पहिल्या वर्षात नऊ. ०.१ ओलांडलं की गोळी परत सुरू, आणि ती वेळेवर सुरू केली तर बहुतेकांचा आकडा पुन्हा खाली येतो. युरोपात गोळी महाग, तिथे थांबवण्यात पैसा वाचतो. आपल्याकडे गोळी स्वस्त आणि एका चाचणीला काही हजार. पहिल्या वर्षी वाचलेला बराच पैसा नऊ चाचण्या खाऊन टाकतात. त्यात निकाल यायला दहा-बारा दिवस लागत असतील तर दर महिन्याची चाचणी कागदावरच मासिक राहते. तरुण स्त्रीला मूल हवं असेल तर हा सगळा खटाटोप करण्यासारखा आहे. नुसतं ‘गोळीचा कंटाळा आला’ म्हणून, आणि लासलगावहून नमुना पाठवून, मी तरी सुचवणार नाही.

दुसरा क्रॉनिक ल्युकेमिया, क्रॉनिक लिम्फोसायटिक म्हणजे सीएलएल, आपल्याकडे कमी दिसतो आणि उतारवयात होतो. त्यात बीसीआर-एबलसारखी सगळ्यांत सारखी खूण नाही, म्हणून पेशी फ्लो सायटोमेट्रीने मोजतात आणि रेघ धरतात दहा हजारांत एक. त्या प्रमाणात वीस पेशी दिसायच्या तर दोन लाख पेशी मोजाव्या लागतात. ४३२ रुग्णांच्या ‘सीएलएल-१४’ चाचणीत व्हेनेटोक्लॅक्स आणि ओबिनुटुझुमॅब घेतलेल्यांपैकी ७५.५ टक्क्यांच्या रक्तात उपचारानंतर तीन महिन्यांनी रेघेवर काही सापडलं नाही. त्याच गटाच्या मज्जेत बघितलं तर हे प्रमाण ५६.९ टक्के. उपचार तेच, रेघ तीच, शोधायची जागा फक्त बदलली. ब्रिटनच्या ‘फ्लेअर’ चाचणीने २०२३ मध्ये या मोजणीवरून औषधाचा कालावधी ठरवून दाखवला, पण रोजच्या उपचारात सीएलएलचे निर्णय अजून या आकड्यावर घेतले जात नाहीत. सीएमएलमध्ये ते रोज घेतले जातात.

आणि सीएमएलची मोजणी जवळ आणता येण्यासारखी आहे. क्षयरोग कार्यक्रमामुळे सीबीनॅट यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलेली आहेत; २०२० मध्ये कोविडच्या चाचण्याही त्यांवर झाल्या. त्याच यंत्रात बसणारं बीसीआर-एबलचं काडतूस कंपनी बनवते. रक्त भरायचं, दोन-अडीच तासांत आयएस पट्टीवरचा आकडा मिळतो, तोही ०.००३२ पर्यंत. नळी कुरिअरने पाठवायची गरजच उरत नाही. दोन अडचणी आहेत. पी२१० हा नेहमीचा प्रकार सोडून इतर जोड या काडतुसाला दिसत नाहीत, त्यामुळे निदानाच्या वेळी मोठ्या प्रयोगशाळेत प्रकार ठरवून घ्यावाच लागतो. आणि काडतूस महाग आहे, शिवाय क्षयरोगाच्या निधीतून ते घेता येणार नाही, त्याचा वेगळा हिशोब आरोग्य विभागाला मांडावा लागेल. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस ठरवून त्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या सीएमएल रुग्णांचं रक्त आळीपाळीने घेतलं, तर वर्षाच्या चार चाचण्यांच्या हिशोबाने पाचशे रुग्णांना वर्षाला दोन हजार काडतुसं लागतील, म्हणजे आठवड्याला अडतीस-चाळीस.